आचार्य खानापुरात आहेत

निपाणी,
दिवाळीनंतरचा रविवार

ती. वृषभअण्णा व सौ. वहिनी यांस,

निपाणीहून धाकट्या सुकुमारचा जयजिनेंद्र आणि साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा आठातलं एक अंग कमी धरून घ्यावं.) तुझी शुगर, वहिनींची पाठ आणि तुमच्या सोसायटीतलं पाणी ही तिन्ही आता ठिकाणावर आली असतील असं समजतो. इकडे सगळे खुशाल आहेत. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिलेलं नाही. गेले दोन महिने मला ते लिहिता येत नव्हतं आणि आज येतंय, म्हणून परत एकदा लिहितो: इकडे सगळे खुशाल आहेत. आई भात खाते आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अण्णा, फोनवर मी हळू बोलतो असं मला वाटतं आणि ते गल्लीच्या टोकाच्या गिरणीत ऐकू जातं, हे तुला ठाऊक आहे. आणि व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन तुझ्यापेक्षा सोनलच्याच हातात जास्त असतो. आणि तिच्या पुस्तकांचं मी इथं काय केलं ते सोनलला कळता कामा नये. तेव्हा हे पत्र बाथरूममध्ये वाच, गच्चीवर वाच, पण तुझ्या लेकीच्या खांद्याआडून वाचायच्या सवयीपासून सांभाळून वाच.

तर सगळ्याचं मूळ तुझ्या लेकीनं पाठवलेल्या त्या जादूगारांच्या पुस्तकांत आहे. नऊ वर्षांपूर्वी आई परसात घसरून पडली, पाय प्लास्टरात गेला, तेव्हा सोनलनं आज्जीचा वेळ जावा म्हणून पहिला भाग धाडला. आपलं वाचून झालेलं, पानांना चॉकलेटचे डाग लागलेलं, आणि अख्खं इंग्रजीत. आईचं शिक्षण चौथी, तेही अर्धं मराठीत अर्धं कन्नडात. त्यामुळे वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. धारवाडला बी.एस्सी. ॲग्री केलं तरी ते शेवटी आपल्या खत-बियाण्याच्या दुकानातल्या औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी. पहिल्या भागातला पहिला मंत्र मी वाचला तो ‘एकरी दोनशे मिली’ म्हणतात तशाच सुरात, आणि खुर्चीत पेपर वाचत असल्याचं सोंग करणारे आप्पा पेपराच्या मागून म्हणाले, “सुकुमार, तो मंत्र हाय. फवारणी न्हाय.”

तेव्हापासून नियम पडला. जेवणं दिवस असतानाच उरकायची, दिवाबत्ती झाली की सात ते आठ वाचन. मी वाचणार, आई ऐकणार, आप्पा न ऐकल्यासारखं करणार आणि दर पानाला माझी एक चूक काढणार. (पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस, चूक दिसली की त्यांचा हात आपोआप लाल पेन शोधायचा.) सोनलला ठाऊक नसेल, पण तिच्या पुस्तकातलं बरंचसं निपाणीला येईपर्यंत बदललं. मूळ नावं आईच्या जिभेवर बसेनात, म्हणून बेटावरच्या दिव्यांच्या विद्यालयात शिकणारी नायिका झाली सौम्या, तिचा बावळट मित्र झाला अभिनंदन, आणि बेटावर धुकं सोडून दिवे विझवणारा जो दुष्ट मांत्रिक आहे त्याला आईनं नाव दिलं भरमा. आपल्या दारासमोर उसाची ट्रॉली लावून जाणारा भरमा आठवतो ना? तोच. विद्यालयातल्या मेजवानीत भाजलेली डुकरं असायची, ती मी पहिल्याच दिवशी काढून पुरणाची होळगी आणि कटाची आमटी वाढली. काढ्यात बेडूक पडायचा तिथं सुंठ आणि हिरडा पडू लागला. जादूगारांनी सूर्य बुडाल्यावर जेवायचं मी बंद केलं, पाणी गाळून प्यायला लावलं, आणि बटाटा लेखिकेनं कितीही वेळा आणला तरी निपाणीत येऊ दिला नाही. आप्पा पेपराच्या मागून हसायचे, पण या बदलांना त्यांनी कधी चूक म्हटलं नाही.

आता आचार्य. सौम्याला दिवा धरायला शिकवणारा तो म्हातारा गुरू, लांब दाढी, तुटक बोलणं, शिष्यांना चुकू देणारा आणि मग एकाच शब्दात सुधारणारा. आचार्य हे नाव आईचंच. आईचा त्याच्यावर इतका जीव की एखाद्या संध्याकाळी तो पुस्तकात आलाच नाही तर ती विचारायची, “आज आचार्यांनी काय खाल्लं?” आणि मी काहीतरी खायला घालायचो.

चार भाग असे गेले. पाचवा आला त्या वर्षी, म्हणजे तू आणि वहिनी महिनाभर इथं राहून सगळे विधी उरकून बेंगळूरला परत गेलात त्या वर्षी. पार्सल आलं आणि पंधरा दिवस मी ते फोडलं नाही. आईनंच एका संध्याकाळी पुढ्यात आणून ठेवलं. शेजारची खुर्ची रिकामी, पेपर घडी करून ठेवलेला, चूक काढायला कोणी नाही. मी वाचायला लागलो. आणि अण्णा, त्या पुस्तकाच्या दोनशे सव्विसाव्या पानावर ते आचार्य मरतात. काही पूर्वसूचना नाही, काही नाही. पान उलटलं आणि म्हातारा दिव्याशेजारी आडवा. मी ते वाक्य मनात वाचलं. आईकडे बघितलं. तिची ती तशी अवस्था, बी.पी. तसं, आणि तिला मी हे सांगू? मी मुलगा आहे की कोण? मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, “आचार्य जरा पायी फिरायला बाहेर पडले.”

आई म्हणाली, “म्हंजे विहाराला गेले म्हण की.”

मी हो म्हणालो. तिथं माझा सत्यानाश झाला.

कारण विहार म्हटलं की त्याचे नियम आले, आणि ते लेखिकेला ठाऊक नसले तरी आईला पाठ आहेत. आषाढ लागला तशी आई म्हणाली, “चातुर्मासात साधू हलत न्हाईत. आचार्य कुठं थांबल्यात रं?” मला सुचलं ते बोलून गेलो: खानापूर. (त्याच दिवशी खानापूरच्या एका डीलरचा भाताच्या बियाण्यासाठी फोन आला होता.) झालं. रोज विचारणा. खानापुरात आहाराची सोय कोण बघतंय? श्रावक किती घरं? जंगलाच्या बाजूला जागा, जळवा असतील, पाय जपतात ना? मी एका इंग्रजी जादूगारासाठी खानापुरात एक अख्खी श्राविका निर्माण केली, जयाबाई नावाची, तिला मऊ हाताची सून दिली, आणि तिच्या दारात आचार्यांना रोज आहार मिळू लागला. सहाव्या भागाच्या वर्षी त्यांचा चातुर्मास बेळगुंदीला झाला. सातव्याला येळ्ळूरला. आठव्याला परत खानापूर, कारण जयाबाईनं फार आग्रह केला. पुस्तकात इकडे सौम्या आणि अभिनंदन त्यांच्या नावानं रडतायत, सगळं बेट काळे झेंडे लावतंय, आणि मी आपला सांगतोय की आचार्यांची प्रकृती उत्तम, फक्त रेंज नाही.

तू म्हणशील, चार वर्षं एवढं खोटं बोलायला तुला जमलं कसं? खरं सांगू, मला त्याची सवय झाली होती. दुकानात आप्पांचे जुने विद्यार्थी येतात. कोण चिकोडीहून, कोण संकेश्वरहून. खत घेतात आणि विचारतात, सर कुठं हैत? मी सांगतो, बाहेर गेलेत. आता प्रत्येकाला उभं करून कुठं सगळं सांगत बसायचं? गिऱ्हाईक खोळंबतं. आमचा नागेंद्र, काउंटरवरचा, असं कोणी विचारलं की गोदामात निघून जातो. मला वाटायचं त्याला तिथं काम असतं.

आता यंदाची गोष्ट. नववा आणि शेवटचा भाग निघणार हे सोनलनं फोनवर सांगितलं, आणि दशलक्षण पर्वात आई मुनिमहाराजांच्या दर्शनाला गेली ती नियम घेऊनच परत आली. संध्याकाळी… म्हणजे दिवस असताना… तुझ्या भावजयीनं, त्रिशलानं, पानात भात वाढला तर आईनं हात आडवा धरला. भात सोडलाय म्हणाली. किती दिवस? तर म्हणे, महाराजांच्या पुढं हळूच बोलून नियम घेतलाय, तो पुरा होईपर्यंत. मला लगेच कळलं. मी म्हणालो, “आई, आचार्य परत येईपर्यंत, असंच ना?” आईनं डोळे मिटून हात जोडले. म्हणजे हो.

अण्णा, एक्क्याऐंशी वर्षांची बाई, तोंडात पुढचे चार आणि मागचा एक दात. तिचं सगळं जेवण म्हणजे मऊ भात, वरण, तूप. आता भाकरी दुधात भिजवून, तीही अर्धी. त्रिशलानं गव्हाची खीर केली, नाचणीची आंबील केली, रव्याची पेज केली. आई दोन घास खायची आणि आमच्या पानातल्या भाताकडं बघायची नाही, हे तिचं न बघणं बघवत नव्हतं. मग आम्हीही घरात भात बंद केला. दर रविवारी मी तिला दुकानात नेऊन बियाण्याच्या काट्यावर उभी करायचो. पहिल्या रविवारी त्रेचाळीस, दुसऱ्याला बेचाळीस, चौथ्याला एक्केचाळीसच्याही खाली. डॉक्टर म्हणाले, भात द्या. मी म्हणालो, नियम आहे. ते म्हणाले, कधी सुटणार? आता त्यांना काय सांगू, की एक जादूगार पाचव्या भागात मेलाय, तो नवव्यात परत आला की सुटेल? महाराजांच्या पुढं घेतलेला नियम आई मोडणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आणि या खोट्याचा बाप मी. रोज दुकानात बसून मी सौम्याची, अभिनंदनची आणि त्या लेखिकेची करुणा भाकत होतो: बाई, नऊ भाग लिहिलेत, एवढ्या जादू केल्यात, एक म्हातारा तेवढा उठवून द्या.

पुस्तक वेळेवर आलं असतं तर निदान सोक्षमोक्ष लवकर लागला असता. पण या वेळी पार्सलवर पत्ता सोनलनं स्वतः घातला, ‘निपाणी, महाराष्ट्र’. पोरीला रागावू नकोस. बेंगळूरात जन्मलेली, घरात मराठी ऐकलेली. तिला वाटलं मराठी बोलणारी आज्जी महाराष्ट्रात असणार. (या प्रश्नावर शहाण्या शहाण्या माणसांचं आयुष्य गेलंय, तिनं एका स्टिकरवर निकाल लावून टाकला.) पार्सल सीमेच्या पलीकडं कागलला गेलं, तिथून पिनकोड बघून बेळगावला, तिथून राज्य बघून परत कोल्हापूरला. सीमेचा वाद मी लहानपणापासून ऐकतोय, पण एक पुस्तक त्यात अकरा दिवस अडकलेलं पहिल्यांदा बघितलं. शेवटी मोटारसायकल घेऊन मी स्वतः कोल्हापूरचं गोदाम गाठलं आणि येताना हायवेवरच्या टपरीवर बसून शेवटचं प्रकरण आधी वाचलं. चोरी म्हण, काही म्हण. चहा गार झाला.

आचार्य परत येत नाहीत.

नुसते येत नाहीत असं नाही. त्या लेखिकेनं माझ्या पळवाटा हेरून हेरून बुजवल्यासारखं लिहिलंय. शेवटी सगळ्या बेटावर धुकं भरतं, सगळे दिवे विझतात, आणि आचार्यांचा एकच जुना कंदील उरतो. तो काडीनं पेटत नाही, मंत्रानं पेटत नाही. ज्याच्या हातात तो कंदील आहे त्यानं मोठ्यानं, सगळ्यांच्या समोर, आपला माणूस गेला असं म्हटलं तरच पेटतो. सौम्या तीन वेळा प्रयत्न करते, तीन वेळा काहीतरी भलतंच बोलते, आणि चौथ्यांदा म्हणते, आचार्य गेले. कंदील पेटतो. धुकं विरतं. आणि भरमा कोणाच्या हातून मरत नाही. उजेड पडल्यावर तो एक थकलेला माणूस दिसतो आणि पायरीवर बसून राहतो. (हिंसा नाही. नऊ भागांत पहिल्यांदा मला काही बदलावं लागलं नाही.) आता सांग, यातून आचार्यांना खानापूरला कसं पाठवू? ते जिवंत ठेवले तर कंदील पेटत नाही. कंदील पेटवला तर आईचा भात कायमचा गेला.

मी महाराजांकडं गेलो. सगळं सांगितलं, जयाबाईसकट. वाटलं, कडक प्रायश्चित्त देतील आणि आईचा नियम शिथिल करायचा काही मार्ग सांगतील. महाराज ऐकत राहिले. मग कन्नडात विचारलं, आईंचा नियम काय आहे तो तुम्हाला माहीत आहे का? मी ठामपणे हो म्हणालो. महाराज किंचित हसले आणि एवढंच म्हणाले, “ओदरी.” म्हणजे वाचा. बस्स.

मग काय, वाचलं. आठशे बारा पानं आहेत. शक्य तितकं हळू वाचलं. ज्या धड्यात नुसतं वाऱ्याचं वर्णन आहे तोसुद्धा मी दोनदा वाचला. पण शेवटचं प्रकरण दिवाळीच्या आठ दिवस आधी आलंच. त्या संध्याकाळी आई नेहमीच्या जागी, त्रिशला दाराशी उभी (ती म्हणाली दूध बघायला उभी आहे, दूध मागं होतं), आणि शेजारी ती खुर्ची. मी पोरीच्या पहिल्या प्रयत्नापाशी आलो, दुसऱ्यापाशी आलो, तिसऱ्यापाशी. मग ते वाक्य आलं. इंग्रजीत तीन शब्दांचं. बाटलीवरचं इंग्रजी येणाऱ्यालासुद्धा कळेल असं.

मी चष्मा पुसला. म्हणालो, इथं छपाई पुसट आहे. आई म्हणाली, “वाच रं.” मी म्हणालो, इथं ती म्हणते की आचार्य खानापूरहून… आई म्हणाली, “सुकू, पुस्तकात हाय ते वाच.” हळूच म्हणाली, आप्पा पेपराच्या मागून म्हणायचे तशी. आणि मी वाचलं. आचार्य गेले. मग एकदा तोंड उघडलं ते बंद होईना. पाचव्या भागातच गेले आई, दोनशे सव्विसाव्या पानावर, खानापूरला कोणी नाही, जयाबाई नाही, मी सगळं मनानं रचलं, असं सगळं भडाभडा सांगितलं. पुढं आणखीही काहीतरी बोललो, ते नीट आठवत नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, दुकानाचा मालक, असा रडलो की समोरचा भरमा ट्रॉली सोडून दारात येऊन उभा राहिला. आवाज माझा तुला माहीतच आहे.

आईनं पाठीवरून हात फिरवला. मग डोळे पुसून त्रिशलाला म्हणाली, “उद्या भात टाक गं. जरा गुरगुट्या.”

उद्या, कारण सूर्य बुडून दीड तास झाला होता. दोन महिने वाट बघितली, आणखी एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाहून आली आणि साडेनऊला पाटावर बसली. आम्ही सगळे भोवती, जसं काही घरात कोणी परीक्षेला बसलंय. पहिला घास तिनं कपाळाला लावला. मग वरण, तूप, आणखी भात. दुसऱ्यांदा वाढला. तिसऱ्यांदा तिनंच भांडं पुढं ओढलं. त्रिशला स्वयंपाकघरात जाऊन रडली, मी दुकानात जाऊन. नागेंद्रनं शटर अर्धं खाली ओढून दिलं. आज काट्यावर बेचाळीस किलो भरली. अण्णा, छातीवरून युरियाचं पोतं उतरावं तसं वाटतंय.

नियम सुटला कसा, हे तुला पडलेलं कोडं मीच उलगडतो, कारण त्याचं श्रेय थोडं माझं आहे. रडता रडता मी आईला असंही म्हणालो होतो की कंदील पेटला म्हणजे आचार्य उजेडाच्या रूपानं परत आलेच की. त्या क्षणी सुचलं. तत्त्वज्ञान मला फारसं कळत नाही, पण ते आईला पटलं असणार, नाहीतर भात कसा खाल्ला असता? वेळेला बुद्धी चालते माझी, आप्पा उगाच नाही म्हणायचे. (ते तसं कधी म्हणाले नाहीत, पण म्हणाले असते.)

दिवाळीला निर्वाण लाडू झाले. आईनं त्यातले चार भरमाला पाठवले, कारण पुस्तकात तो शेवटी सुधारतो. खऱ्या भरमाला यातलं काही ठाऊक नाही. नऊ वर्षं ज्या म्हातारीनं त्याच्याकडं कपाळाला आठ्या घालून बघितलं तिनं लाडू धाडल्यावर तो इतका घाबरला की त्याच दुपारी ट्रॉली उचलून गावाबाहेर लावून आला. आपलं दार नऊ वर्षांनी मोकळं दिसतंय.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, सोनलला आशीर्वाद. तुझ्या शुगरला जप.

तुझा,
सुकुमार

ता. क. : सोनलला ताकीद दे. आईशी फोनवर बोलताना पाचव्या भागाचा विषय काढायचा नाही. मी चार वर्षं खोटं बोललो हे आईनं मोठ्या मनानं पोटात घातलंय, पण मधल्या भागांत बेटावर काळे झेंडे लागले होते वगैरे तपशील तिच्या कानावर जाऊ नयेत. म्हातारं माणूस आहे, तिला झेपायचं नाही.

दुसरा ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं आणि तेच राहिलं. श्रवणबेळगोळच्या सहलीत तू आप्पांचा एक फोटो काढला होतास, पायऱ्यांवर बसलेले, हातात पेपर, चष्म्यावरून बघतायत असा. तो तुझ्याकडंच आहे. मोठा करून पाठव. दुकानात काउंटरच्या मागं लावायचा आहे. तू चार वर्षांत तीनदा विचारलंस आणि मी जागा नाही म्हणालो. जागा आहे. हार मी इथं घेतो.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवायला डिंक संपलाय. दुकानातून घेऊन येतो. पत्र इथं आईजवळ ठेवून जातोय, पण काळजी नको. माझं अक्षर तिला या जन्मात लागलेलं नाही.

*

बाळ वृषभ, आईचा आशीर्वाद. डोळ्यांचं आपरेशन केल्यापासून सगळ्यांचं अक्षर लागतंय. सुकूचं पण.

आचार्य गेले ते मला सुकूच्या आधीच कळलं होतं. पाचवं पुस्तक इथं यायच्या आधी सोनल फोनवर रडली, आज्जी ते म्हातारे गुरू गेले म्हणाली. मी म्हटलं, सुकूला सांगू नको, त्याच्या पानावर आलं की तो सांगंल. तो सांगंना. चार वर्षं खानापूर खानापूर करत बसला. मी पण विचारत बसले, काय करणार, रोज सात वाजले की तेवढंच तो तोंड उघडायचा.

आप्पा गेले तवा तू रडलास, मी रडले, भरमा पण रडला. सुकू पाव्हण्यांना गाड्या सांगत फिरत होता. दुकानात कुणी विचारलं तर बाहेर गेलेत म्हणायचा, नागेंद्र मला सांगायचा. म्हणून महाराजांच्या पुढं भात सोडला. आचार्यांसाठी न्हाय रं. माझ्या सुकूच्या तोंडून आप्पा गेले हे शब्द ऐकंपर्यंत.

उजेडाचं काय तो बोलला ते मला कळलं न्हाय. पण आचार्य गेले म्हणून झाल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो म्हणाला, आई, आप्पा गेले. त्याला आठवत नसंल. मी ऐकलं. भात त्या शब्दांवर खाल्ला.

फोटो लवकर पाठव. तो आला डिंक घेऊन, घडी घालून ठेवते.